जस्त, जास्त आणि दीड गोळी

फोनमध्ये खरखर होती, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात माझ्या कानांचा दोष किती, माझ्या स्वभावाचा किती आणि डॉक्टरसाहेबांच्या शुद्ध मराठीचा किती, याचा निकाल अजून लागलेला नाही. मी निम्म्यावर तोडायला तयार होतो. समोरच्या पक्षाने हसण्यावारी नेलं. म्हणून हा लेख.

पांढरकवड्याला बस स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता मुलगा आणि सून बघतात. मी गेलो की दोघं मला चहा पाजून घरी पाठवतात, कारण मी गिऱ्हाइकाशी भांडतो. दुकानाच्या पाटीवर देवाचं नाव आहे, पण आजूबाजूच्या गावांत त्याला 'भांडखोर मेडिकल' म्हणतात. "कोनाच्या इथून आनली गोयी?" "भांडखोराकडून." हे मी एसटीत, सांगणाऱ्याच्या पुढच्याच सीटवर बसून ऐकलं आहे. वाईट वाटलं नाही. भांडखोर म्हणाला, पण गोळी माझ्याकडूनच घेतली होती.

मी जिनिंगमधून वर आलेला माणूस. तरुणपणी कापसाच्या धुळीत मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पेचकस देत होतो. धुळीने दम लागायचा, दम्याची औषधं घ्यायला मेडिकलमध्ये जायचो, आणि तिथल्या मालकाशी भावावरून इतकं भांडायचो की शेवटी तो म्हणाला, "असा भांडतो तं माझ्याच बाजूनं भांड ना." त्याच्याकडे नोकरीला लागलो, फार्मसीची पदविका धापा टाकत पूर्ण केली आणि स्वतःचं दुकान टाकलं. त्यामुळे औषधशास्त्र मी इंग्रजीत घोकलं, हिशेब हिंदीत केला आणि भांडण वऱ्हाडीत. शुद्ध मराठीशी माझा संबंध फक्त लग्नपत्रिकेपुरता आला. हे पुढे महागात पडलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मेडिकलवाला म्हणजे चिठ्ठी वाचून पाकीट काढून देणारा. आमच्या भागात तसं नव्हतं. आमच्याकडे लोक औषधाच्या भावात घासाघीस करायचे ते ठीक, पण मात्रेतही करायचे. "तीन टाइम म्हटलं डॉक्टरनं? दोन टाइमावर करा ना भाऊ." जणू गोळ्या मी त्यांना खायला लावून माझा फायदा करून घेतोय. कोणी म्हणायचं, पाच दिवसांचं औषध अडीच दिवसांत घेतलं तर लवकर बरं वाटेल का. एका म्हाताऱ्याला रक्तदाबाची पांढरी गोळी पसंत नव्हती, लाल पाहिजे होती. "पांढरी कडक नसते," म्हणायचा. मी सांगायचो, बाबा, माझ्याशी किमतीत भांडा, मात्रेत नको. हा माझ्या दुकानाचा एकमेव कायदा होता. पुढे तो मीच मोडला, तेही फोनवर, मोठ्याने, गिऱ्हाइकांसमोर.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याच दुकानासमोर गाडी थांबवून डोकेदुखीची गोळी घेऊन पुढे गेले. मी एवढंच सांगतो की मेडिकलवाल्याला गावाची तब्येत फळीवरून कळते. आधी माझी खोकल्याच्या बाटल्यांची फळी सगळ्यात लवकर रिकामी व्हायची. त्या वर्षांत झोपेच्या आणि 'टेन्शन'च्या गोळ्यांची व्हायला लागली. धंदा वाढला. घरी आनंदाने सांगावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

त्याच काळात एक विचित्र तक्रार सुरू झाली. "भाऊ, हे गोयी लय चढते." झोपेची, टेन्शनची, फिटची, म्हणजे डोक्यावर काम करणारी कुठलीही गोळी. पांढरकवड्यातले लोक तीच गोळी घेऊन सकाळी दुकान उघडत. खेड्यातला माणूस तीच घेऊन दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसायचा. मला पहिल्यांदा काय वाटावं? धंदेवाल्याला जे वाटतं तेच. माल खराब आहे. मी ठोक विक्रेत्याला फोन लावला आणि अर्धा तास आरडाओरडा केला की तू मला भलताच कडक माल खपवतोस. तो बिचारा म्हणाला, "लोक माल कमजोर आहे म्हणून भांडते, तुम्ही पहिले आहा जे कडक आहे म्हणून भांडून राह्यले." माल बदलून घेतला. तक्रार तीच राहिली. त्या विक्रेत्याने नंतर माझा फोन उचलायला वेगळा माणूस ठेवला, असं ऐकून आहे.

तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात बोलकी होती वंदना. घाटंजीच्या रस्त्यावर आत एक गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीत ती राहायची. नवरा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. ती शिलाई मशीन चालवून घर चालवायची. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळी सुरू केल्यापासून फिट थांबली, पण झोप सुरू झाली. एकदा ब्लाउज शिवता शिवता डोळा लागला आणि सुई बोटातून गेली. ते बोट काउंटरवर माझ्या नाकासमोर धरून ती म्हणाली, "भाऊ, हे पाहा तुमची गोयी."

"माझी काहून? डॉक्टरची."

"पैसे तं तुम्हीच घेतले ना?"

वंदनाशी भांडण्यात मला मजा यायची, कारण आमच्या भागात माझ्या तोडीची भांडणारी तीच होती. मी तिला "बाई" म्हणायचो आणि ती मला "भाऊ", आणि या दोन शब्दांच्या मध्ये आम्ही एकमेकांना काहीही बोलायचो.

महिन्यातून एकदा आमच्याकडे शिबिराला नागपूरहून मेंदूचे एक डॉक्टर यायचे. उंच, सावकाश बोलणारे, मूळचे पुण्याकडचे. एका शिबिरात मी त्यांना रुग्ण संपल्यावर गाठलं आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवून म्हणालो, "साहेब, हा माल गावात बरोबर चालतो आन् खेड्यात चढते. काहून?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. मला कोणी बसायला सांगितलं की अर्धा राग जातो. ते म्हणाले, "गोळी पोटात गेली. पुढे तिचं काय होतं?"

"असर होते."

"आणि असर झाल्यावर?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. परीक्षेपुरता केला असेल. गिऱ्हाईक पायरी उतरलं की गोळी माझ्यापुरती संपली.

मग त्यांनी समजावलं. शरीरात औषध मोडणारे कामगार असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. मोठा कारखाना लिव्हरमध्ये आहे. पण मेंदूतही त्यांचं एक छोटं घरगुती युनिट असतं, आणि मेंदूवरच्या गोळ्यांचा काही हिशेब तिथल्या तिथे होत असावा. या कामगारांना काम करायला काही धातू अगदी चिमूटभर लागतात. लोह तर त्यातल्या काहींच्या पोटातच बसलेलं असतं. बाकीचे क्षार आडून मदत करतात. जेवणात वर्षानुवर्षं ते कमी पडले, नुसती भाकरी, चटणी आणि काळा चहा राहिला, की मोडण्याचं काम मंदावू शकतं. मग गोळी रेंगाळते आणि माणूस पेंगतो.

मी एकदम म्हणालो, "म्हणजे जिनिंग!"

"काय?"

"साहेब, जिनिंगमध्ये कापूस टाकला की रुई एकीकून, सरकी एकीकून. मशीन हत्तीएवढं, पण आतली बोटाएवढी खीळ झिजली का कापूस तुंबते. फाटकाबाहेर गाड्याच गाड्या. मालक म्हणते कापूस खराब. कापूस खराब नसते, खीळ नसते. तुमच्या मेंदूत एक लहान जिनिंग आहे आन् आमच्या लोकांच्या जिनिंगमध्ये खीळ नाई."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. म्हणाले, "सुंदर! मला इतकी वर्षं इतकं सोपं सांगता आलं नाही." वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

मी विचारलं, हे पक्कं आहे का. ते म्हणाले, उंदरांमध्ये दिसलं आहे, माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, त्यामुळे सांभाळून बोलावं लागतं.

"म्हणजे अंदाज."

"अभ्यास."

"आमच्याकडे त्यालेच अंदाज म्हणते."

ते हसले आणि म्हणाले, तुमच्या पेंगणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी यायला तयार असेल तर नागपूरला रक्त तपासू. मी वंदनाचं नाव सांगितलं. ती नवऱ्याच्या ट्रकमध्ये बसून गेली, रक्त देऊन आली, आणि मला म्हणाली, "इतकं रक्त काढलं, आता जे व्हतं तेबी कमी झालं असन."

आता मुख्य गोष्ट. तिच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. वंदना बारावी शिकलेली, सगळ्यांत लायक. पण गावात कुजबुज होती की ही बाई बसल्या बसल्या झोपते, हिच्याजवळ लेकरं कशी ठेवायची. मुलाखत पांढरकवड्यालाच होती. आदल्या दिवशी सकाळी ती दुकानात आली आणि म्हणाली, "भाऊ, आज रातची गोयी मी घेत नाई."

"बह्याड झाली का? फिट आली म्हणजे?"

"आन् घेतली तं उद्या साहेबापुढं डोलन मी. दोन्हीकून माझंच मरन. इतक्या वर्षांनी कोन्या कागदावर माझं नाव येऊन राह्यलं भाऊ. मी जागी पाह्यजे."

ती एरवी कधी आवाज खाली करून बोलत नसे. त्या वाक्याला केला. मी म्हणालो, थांब, डॉक्टरांचा आज रिपोर्टसाठी फोन येणार आहे, त्यांनाच विचारू. ती बाकावर बसली आणि फोन येईपर्यंत एक डुलकी काढली.

फोन आला. खरखर होती, हे मी पुन्हा सांगतो.

"रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "गोळी बदलू नका. तिला जस्त द्या."

मला ऐकू आलं, "जास्त द्या."

"जास्त?"

"हो, जस्त. रक्तात कमी आहे."

"कमी आहे?"

"बरंच कमी. म्हणून तर द्यायचं."

"साहेब, ती आताच बाकावर झोपून राह्यली. जास्त देल्लं तं उठनच नाई!"

"अहो, उलट आहे. जस्त दिल्याने हळूहळू झोप कमी होईल."

"जास्त देल्यानं झोप कमी होते?"

"तीच तर गंमत आहे!"

गंमत हा शब्द ऐकला आणि माझं डोकं सटकलं. समोर एक बाई आयुष्याची मुलाखत तोंडावर आलेली असताना पेंगते आहे आणि हे साहेब नागपुरात बसून गंमत म्हणतात. मी ओरडलो, "गंमत कायची साहेब? तुम्ही म्हणता जास्त, मी म्हणतो कमी. मधात तोडा, आहे तेवढीच राहू द्या!"

"यात मधला मार्ग कसला? जेवणानंतर द्या, नाहीतर मळमळतं. आणि लोह वेगळ्या वेळी..."

मी फोन आपटला. मी इतके फोन आपटले आहेत की टेलिफोन खात्याचा लाइनमन मला ओळखत असे.

वंदना पूर्ण जागी झाली होती. तिला माझी बाजू सगळी ऐकू गेली होती, म्हणजे नेमकी चुकीची.

"जास्तीनं झोप कमी होते म्हनते का डॉक्टर?"

"म्हणू दे त्याले. तू एकच घे."

"ते मेंदूचे डॉक्टर आहे भाऊ. तुम्ही मेडिकलवाले."

"मग जाय, घे जास्त! मले इचारू नको!"

"इचारलं कोनं?" असं म्हणून ती पदर खोचून निघून गेली. मी तिला गोळी विकली नाही. पण घरी तिच्याकडे महिन्याची पट्टी होतीच.

दुपारभर मी धुमसत होतो. डॉक्टरवर, तिच्यावर, टेलिफोन खात्यावर. धुमसायचं झालं की मी समोर अन्वरभाईच्या कृषी केंद्रात जायचो. त्या वर्षी कपाशीवर लाल्या होता, पानं लाल पडून गळत होती, आणि अन्वरभाईच्या दुकानात शेतकऱ्यांची रांग होती. मी एका पोत्यावर बसून डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होतो आणि तो "हां भाई, सही बात" म्हणत माल तोलत होता.

बोलता बोलता माझी नजर त्याच्या भिंतीवरच्या सरकारी तक्त्यावर गेली. रंगीत पानांची चित्रं होती. लोहाची कमतरता. मॅग्नेशियमची कमतरता. जस्ताची कमतरता.

मी थांबलो. "अन्वरभाई, हे जस्त म्हणजे काय?"

"झिंक, और क्या. सरकारी जबान में जस्त."

मी पुन्हा वाचलं आणि फोनवरचं बोलणं आठवलं. जस्त कमी आहे. जस्त द्या. जस्त दिल्याने झोप कमी होईल. जेवणानंतर द्या, नाहीतर मळमळतं. आणि झिंकची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, हे मी स्वतः रोज दहा गिऱ्हाइकांना सांगत होतो!

आता मला सांगा, झिंक मला माहीत होतं. झिंकची पाकिटं माझ्या तिसऱ्या फळीवर होती. जस्तही माहीत होतं, आमच्या आईकडे जस्ताची बादली होती. पण फिट येणाऱ्या बाईला बादलीतला धातू खायला घालायचा आहे, हे कुणाच्या डोक्यात येईल? आमच्याकडे शाळा न शिकलेला शेतकरीसुद्धा येऊन "झिंक द्या" म्हणतो. आख्ख्या तालुक्यात जस्त म्हणणारी दोनच ठिकाणं होती, एक तो तक्ता आणि दुसरे डॉक्टरसाहेब.

मी उडी मारून उठलो. दुकानात येऊन झिंकचं पाकीट खिशात टाकलं आणि स्कूटर काढली. संध्याकाळचं जेवण व्हायच्या आत पोचायचं होतं. ती जेवण झालं की गोळी घ्यायची. दोन घेतल्या तर उद्या मुलाखतीची वेळ निघून जाईपर्यंत ती उठणार नव्हती, आणि तेवढ्यावरच निभावलं तर नशीब.

माझी स्कूटर माझ्यासारखीच होती, आवाज मोठा आणि दम कमी. नाल्याच्या रपट्यावर पाण्यात ती बंद पडली. मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून ढकलत निघालो. वाटेत बकऱ्या घेऊन येणारा एक ओळखीचा म्हातारा भेटला. तोच, लाल गोळीवाला. म्हणाला, "काय भाऊ, आता घरपोच औषध देता का?" मी त्याला जे उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

वंदनाच्या घरी पोचलो तेव्हा चुलीवरून भाकऱ्या उतरल्या होत्या. ती शिलाई मशीनजवळ बसली होती. मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी, एक आख्खी गोळी होती आणि एक कात्रीने नीट दोन तुकडे केलेली.

"घेतली का?" मी दारातूनच ओरडलो.

"जेवन तं होऊ द्या. तुम्ही कायले आले? भांडन राह्यलं का?"

"आन् हे काय? दीड?"

ती म्हणाली, "डॉक्टर म्हनते जास्त, म्हनजे दोन. तुम्ही म्हनता एक. म्या दोघांचाही मान ठेवला. दीडवर तोडलं."

मी तिथेच ओट्यावर बसलो. आयुष्यभर मी कापसाचा, औषधाचा, लग्नातल्या मंडपाचा सौदा असाच तोडत आलो होतो. तू दोन म्हण, मी एक म्हणतो, दीडवर हात मिळव. सकाळी डॉक्टरला मीच ओरडून म्हणालो होतो, मधात तोडा. बाईने माझंच ऐकलं होतं. तिने मेंदूच्या गोळीचा कापसासारखा भाव केला होता आणि हे तिला माझ्या काउंटरवरच शिकायला मिळालं होतं.

"एकच," मी म्हणालो. "नेहमीची एकच. अर्धी फेकून दे. आन् हे जेवणानंतर घे. जस्त."

"जास्त?"

"जस्त!"

"मंग तेच तं म्हनून राह्यली मी, जास्त!"

"जस्त व बाई! बादलीचं! जस्ताची बादली नसते का?"

तिने माझ्याकडे, मग माझ्या ओल्या पँटीकडे पाहिलं. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुम्ही घेतल्या का काई गोया?"

त्या क्षणी मला डॉक्टरसाहेबांची थोडी दया आली. लगेच आवरली. शेवटी पाकीट तिच्या हातात दिलं, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं तिने वाचलं आणि म्हणाली, "हे तं झिंक आहे. मंग झिंक म्हना ना सरळ. आमी वावरात टाकतो." एवढा वेळ मी धापा टाकत जे सांगत होतो ते तिने एका वाक्यात उरकलं आणि मला भाकरी वाढली.

पण झिंक काही एका रात्रीत काम करत नाही. उद्याची मुलाखत होती तशीच होती, आणि झोप होती तशीच. मी म्हणालो, "मग उद्याचं काय?"

"पाहू," ती म्हणाली. नेहमीची एक गोळी तिने माझ्यासमोर घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान सोडून मी पंचायत समितीच्या आवारात कडुलिंबाखाली उभा होतो. स्वतःला सांगत होतो की सहज आलोय. वंदना आत गेली. दार उघडं होतं. साहेब म्हणाले, "बसा." ती उभीच राहिली. पुन्हा म्हणाले, "अहो, बसा बाई." ती म्हणाली, "नाई जी, उभीच बरी हावो." सगळी मुलाखत तिने ताठ उभं राहून दिली, प्रश्नागणिक पायाची बोटं चपलेत आवळत. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण उघडे होते. मी विचारलं, बसली का नाहीस. म्हणाली, "बसली का झोप येते. उभ्यानं कोन झोपते?"

नंतर कळलं, आतल्या साहेबांचं मत झालं होतं की बाई अत्यंत नम्र आहे. वंदना आणि नम्र! जागा तिला मिळाली. शासनाच्या एवढ्या चुकीच्या निष्कर्षातून इतका बरोबर निर्णय निघालेला मी दुसरा पाहिला नाही.

पुढे डॉक्टरांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं, झिंक आणि लोह काही महिने चालू ठेवलं, गोळीची मात्राही स्वतः बघून थोडी उतरवली. पेंग हळूहळू ओसरली. फिट आली नाही. मी विचारलं, साहेब, नक्की कशाने झालं, झिंकने, लोहाने की मात्रा उतरवल्याने? ते म्हणाले, एकट्या बाईवरून सांगता येणार नाही. मी म्हणालो, तिघांत वाटून टाका. ते म्हणाले, विज्ञानात वाटून टाकत नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाशी माझा सौदा जमणार नाही.

आता माझं गाऱ्हाणं. काही वर्षांनी यवतमाळला औषध विक्रेत्यांच्या मेळाव्यात या डॉक्टरांचं भाषण होतं. मी नवा कोट शिवून गेलो. वंदनानेच शिवला होता, बायकांचे ब्लाउज शिवणारीने, त्यामुळे खांद्यावर जरा फुगलेला होता. दुसऱ्या रांगेत बसलो. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या या एन्झाइमना मी छोटी जिनिंग म्हणतो. एक बारीकशी खीळ नसली की सगळा कापूस तुंबतो." टाळ्या पडल्या. 'मी म्हणतो', असं म्हणाले ते! मी खुर्चीवरून अर्धा उठलो. बाजूच्याने खाली ओढलं. मग ते म्हणाले, "या भागातला एक गमतीदार किस्सा सांगतो. एका स्थानिक विक्रेत्याने जस्त ऐवजी जास्त ऐकलं..." सभागृह हसून लोळलं. माझ्या बाजूचाही हसला. मीसुद्धा हसलो, नाहीतर कळलं असतं.

म्हणजे जिनिंग माझी, ती त्यांची झाली. जास्त दोघांचं, ते माझं झालं. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. म्हणालो, "साहेब, फोनवर झिंक म्हटलं असतं तं?"

ते मनापासून ओशाळले. म्हणाले, "अहो, मला वाटलं, ग्रामीण भागात बोलतोय तर आपण मराठीच बोलावं."

मी फक्त म्हणालो, चूक निम्मी-निम्मी करा. ते हसले, माझ्या फुगलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याशी बोलायला लागले.

हे गाऱ्हाणं मी बरीच वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. घरच्यांनी मला चहा पाजून परत पाठवायला सुरुवात केली त्यामागचं एक कारण तेही असावं. गेल्या महिन्यात वंदनाच्या अंगणवाडीत गेलो होतो. ती खिचडी वाढत होती, लेकरं ओळीने बसली होती, आणि तिचं बोलणं असं चाललं होतं की एकाचीही पेंगायची छाती होऊ नये. मी खुर्चीवर बसून पुन्हा सुरू केलं, की बघ, डॉक्टरने इतक्या लोकांसमोर माझं नाव घेतलं नाही, स्थानिक विक्रेता म्हणाला.

"आन् माझं घेतलं का?" तिने पळी न थांबवता विचारलं.

मी आठवून पाहिलं. नाही. 'एक महिला रुग्ण' म्हणाले होते.

"मंग? रक्त माझं, झोप माझी, बोटात सुई माझ्या गेली. मी बोलली का काई?"

मी म्हणालो, "तरी न्याय म्हणून काही असते का नाई? चूक निम्मी त्याची, निम्मी माझी. एवढंच मागून राह्यलो मी."

वंदनाने खिचडीची ताटली माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टर म्हनते सगळी चूक तुमची, म्हनजे दोन. तुम्ही म्हनता एक. दीडवर तोडा भाऊ," ती म्हणाली, "आन् जेवा."